सातवं झाकण

रुक्मिणीबाईंनी काठीचं टोक डांबरावर दोनदा आपटलं आणि म्हणाल्या, "इथे."

जान्हवी खाली वाकली. हातातला पांढऱ्या रंगाच्या स्प्रेचा डबा खळखळ हलवून तिने काठीच्या टोकाशी फुली मारली. बरोबरच्या मजुराने पहार घातली. डांबराचे तीन थर निघाले, मग खडी, मग ओली माती, आणि वीतभर खाली लोखंडावर लोखंड वाजलं. गॅलऱ्यांतून बघणाऱ्यांपैकी कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"पाचवं," निलेश म्हणाला. आवाज असा, की जणू ते त्यानेच जपून पुरून ठेवलं होतं.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी जाऊन संपणारा हा खदाण रस्ता आता सिमेंटचा व्हायचा होता. त्याआधी रहिवाशांना विचारायचं, त्यांच्या हरकती आणि सूचना घ्यायच्या, असं या वेळी वरून ठरलं होतं. वॉर्ड ऑफिसातून जान्हवी नावाची ज्युनिअर इंजिनिअर आली होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, खांद्याला नकाशाची नळी आणि पायात मुलांसारखे बूट. तिच्या नकाशात पाण्याची लाइन होती, पण ती बंद करायचे वॉल्व्ह दोनच दाखवले होते, आणि तेही दोन्ही भलत्याच जागी. बाकीच्यांची झाकणं दर निवडणुकीला पडणाऱ्या डांबराखाली कधीच गेली होती. ती कुठे आहेत हे एकाच माणसाला माहीत होतं. पाणी खात्यातले चावीवाले गुणाजी परब. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हा रहिवासी मंडळाच्या निलेशला गुणाजींच्या बायकोची आठवण झाली.

अकरा वर्षांत रुक्मिणीबाईंना कोणी गुडघ्यांखेरीज काही विचारलं नव्हतं. आता चार दिवस त्या रोज सकाळी नऊवारी नीट चापूनचोपून नेसून खाली उतरत होत्या. गुणाजी पाच फुटांची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पाणी सोडायला निघायचे, तेव्हा त्या चहाची किटली घेऊन मागोमाग जायच्या. ते आटे मोजत चावी फिरवायचे, या उभ्या राहायच्या. कुठलं झाकण कुठल्या उंबऱ्यापासून किती पावलांवर, हे असंच अंगात मुरलं होतं.

"वाण्याच्या दुकानापासून चौदा पावलं," त्या जान्हवीला सांगत, "पण ती ह्यांची. माझी अठरा होतात."

मुलगी हसायची आणि वहीत लिहून घ्यायची. चहा विचारला तर घ्यायची. रुक्मिणीबाईंना ती आवडली होती.

सहावं झाकण पिठाच्या गिरणीसमोर सापडलं. तिथून पुढे रस्ता चढाला लागतो आणि ऑलिव्हबाईंच्या बैठ्या घराशी संपतो. त्या घराला लागूनच डोंगरावरच्या वाडीत जाणाऱ्या पायऱ्या सुरू होतात. रुक्मिणीबाई तिथवर गेल्या. ऑलिव्हबाईंच्या दारातल्या तुळशीएवढ्या उंच क्रुसाकडे त्यांनी पाहिलं, खालच्या दगडी पायरीकडे पाहिलं, आणि काठी उचलून काखेत धरली.

"पुढे काही?" जान्हवीने विचारलं.

"नाही. सहाच."

"नक्की ना आजी? कारण आता नकाशावर जे येईल तेच नव्या लाइनला जोडणार. बाकी जे काही निघेल ते तोंड बंद करून गाडून टाकायचं. वरून सिमेंट पडलं की मग वीस-पंचवीस वर्षं कोणी खणू देणार नाही."

"सहाच," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि उतारावर आल्यावरच काठी टेकली.

त्याच संध्याकाळी निलेश घरी आला. सोफ्यावर बसायच्या आधीच त्याने मोबाइल पुढे केला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती, 'कै. गुणाजी परब मार्ग'. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे, सूचनांच्या यादीत हे नाव आठव्या नंबरला आहे, आणि गल्लीतल्या एकाचीही हरकत नाही, असं त्याने सांगितलं. एरवी ही माणसं एका झाडाच्या फांदीवर एकमत करत नाहीत, पण परबकाका म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर.

रुक्मिणीबाईंचा मुलगा सिद्धेश कितीतरी वेळ त्या पाटीकडे पाहत राहिला. बापाच्या कपड्यांना ओल्या मातीचा वास यायचा म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांना येऊ नका म्हणणारा हा मुलगा. आता त्याने तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि अमेरिकेतल्या मेव्हण्यापासून गावच्या चुलत्यापर्यंत सगळ्यांना धाडला.

"आई, तू काही बोलत नाहीस," तो म्हणाला.

"चांगलं आहे," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेऊन बसल्या.

रविवारला तीन दिवस होते. ते तीन दिवस त्यांना एका जागी बसवेना. डब्यांचं फडताळ रिकामं केलं आणि पुन्हा तसंच लावलं. दुपारी आडव्या झाल्या की पाय आपोआप हलायचे. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या की तिथून नेमकी ऑलिव्हबाईंची पायरी दिसायची, म्हणून स्वयंपाकघरात यायच्या, आणि तिथे आल्यावर कशासाठी आलो ते आठवायचं नाही. सून म्हणाली, बीपी तपासून घेऊ. तपासलं. बीपी बरोबर होतं.

ते साल शहाण्णव. उन्हाळा होळीच्या आधीच लागला होता. वरच्या वाडीला तेव्हा नळ नव्हता. बायका हंडे घेऊन पायऱ्या उतरायच्या आणि गल्लीतल्या नळांवर आशेने उभ्या राहायच्या. गल्लीतल्या बायका त्यांना हाकलायच्या. रुक्मिणीबाईही त्यांतल्याच. एका दुपारी एक गरोदर बाई त्यांच्या नळाखाली हंडा लावून उभी होती. वरच्यांनी वर भरावं, असं म्हणत रुक्मिणीबाईंनी तो हंडा पायाने लोटला. हंडा घरंगळत गटाराशी गेला. बाई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गुणाजी त्याच वेळी कामावरून येत होते. त्यांनी हंडा उचलला, घरात नेऊन घासला, भरला आणि खांद्यावर घेऊन त्या बाईच्या मागून एकशे दहा पायऱ्या चढून गेले. परत आल्यावर हात धुऊन जेवायला बसले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या विषयावर ते कधीच काही बोलले नाहीत.

धुळवडीला मात्र सकाळीच बाहेर पडले. ऑलिव्हबाईंच्या घरचे सगळे तेव्हा सुट्टीसाठी गोराईला गेलेले. भर दुपारी, गल्लीत ढोल वाजत असताना, डोक्यापासून पायापर्यंत जांभळे-हिरवे झालेले वाडीतले दहा-बारा पुरुष त्या पायरीजवळ खणत होते. रंग खेळता खेळता कोणी काय करतंय याकडे लक्ष कुणाचं असणार? रुक्मिणीबाई किटली घेऊन गेल्या, तेव्हा त्यांनाही आपला नवरा कुठला ते ओळखायला वेळ लागला.

"कोणी बघितलं तर?" त्यांनी हळूच विचारलं होतं.

"रंगात सगळे सारकेच दिसतत गो," गुणाजी म्हणाले, आणि हात पुढे करून चहा घेतला.

गल्लीच्या लाइनीतून वाडीला पाणी गेलं. बेचाळीस घरं. कुठल्याच कागदावर नाही. पुढे दर वेळी रस्त्यावर डांबर पडलं, की सहा झाकणं वर घ्या म्हणून कंत्राटदाराशी भांडणारे गुणाजी सातव्यापाशी मात्र तोंड फिरवून उभे राहायचे. आणि गल्लीतल्या नळांची धार बारीक झाली ती झालीच. लोक तक्रार करायचे. गुणाजी मान डोलवायचे. लाइन जुनी झाली म्हणायचे.

शनिवारी पहाटे रुक्मिणीबाईंना एक विचार सुचला आणि त्या उठून बसल्या. एकोणतीस वर्षं झाली. तो पाइप कधीच सडला असेल. वाडीला आता टँकर येत असेल, दुसरीकडून लाइन आली असेल. मग सांगायचं कारणच उरत नाही. रविवारी गप्प बसायचं, पाटी लागेल, सिद्धेशला बरं वाटेल. एवढंच एकदा डोळ्यांनी बघून यायचं होतं.

उजाडताच त्या निघाल्या. दर वीस पायऱ्यांवर थांबल्या. दोनदा परत फिरावंसं वाटलं. वर पोचल्या तेव्हा छातीचा भाता झाला होता आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. एका दाराशी टेकल्या. आतून एक पंचविशीतली बाई आली. तिने काही न विचारता स्टुलावर बसवलं आणि स्टीलच्या पेल्यातून पाणी आणून दिलं.

पेला थंड होता. रुक्मिणीबाईंनी तो हातात धरून ठेवला.

दाराबाहेर निळ्या पिंपात नळी सोडलेली होती आणि नळीतून पाणी येत होतं. जाड नाही, पण न तुटणारं. शेजारच्या दारात तसंच. त्याच्या पलीकडच्याही.

"रोज येतं?" त्यांनी विचारलं.

"रोज. पाऊण तास." ती पिंपाची नळी बादलीत टाकत म्हणाली. तिचं नाव सपना. साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगला जायची, म्हणून तिला घाई होती. "कोणाकडे आलात आजी?"

"सहज. फिरायला." हे उत्तर किती खुळं आहे ते बोलल्यावर त्यांना कळलं. "लाइन जुनी दिसते. कोणी घातली होती?"

"पालिकेचीच असणार ना. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. सासऱ्यांना ठाऊक असेल, पण ते गेले."

"गुणाजी परब म्हणून कोणी…" रुक्मिणीबाई इथवर आल्या आणि अडखळल्या. नाव ओठांपर्यंत आलं होतं की खरंच बाहेर पडलं होतं, ते त्यांचं त्यांनाच समजेना. पण शेजारी कोणीतरी लावलेल्या पंपाचा आवाज मोठा होता, आणि सपना बादली उचलून आत गेली होती.

त्या पाणी प्यायल्या. पेला पालथा घालून स्टुलावर ठेवला. उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त दुखले.

रविवारी शाळेचा हॉल भरला होता. भिंतीवर जान्हवीने नकाशा लावला होता, माणसापेक्षा उंच. सहा लाल ठिपके, शेजारी आकडे. निलेश माइक घेऊन एकेक सूचना वाचत होता. गतिरोधक. गिरणीसमोरचा बदाम तोडू नये. गटाराची जाळी. मग पाण्याच्या धारेचा विषय आला आणि माधुरी उठली. गल्लीच्या मध्यावरच्या इमारतीतली ही बाई. तिच्या तोंडाला लागू नये असं गल्लीत सगळे म्हणायचे आणि सभेत तिलाच पुढे करायचे.

"वरचे चोरतात," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. आता रस्ता खणताच आहात तर ती चोरीची लाइन शोधा आणि कापून टाका. मी सकाळी चारला उठून मोटर लावते हो. चारला."

जान्हवीने शांतपणे सांगितलं की शोधायची गरज नाही. काम सुरू झाल्यावर नकाशात नसलेलं सगळं आपोआप बंदच होणार आहे.

टाळ्या पडल्या. रुक्मिणीबाईंनी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला टेकून वाडीतली चार-पाच माणसं उभी होती. त्यांत सपना होती, हातात भाजीची पिशवी. तिचा चेहरा कोरा होता. आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलंय की नाही, सांगता येत नव्हतं.

"आता आठवी सूचना," निलेश म्हणाला आणि त्याचा आवाज बदलला. "ही वाचायला मला स्वतःला फार आनंद होतोय."

रुक्मिणीबाई उठल्या. शेजारी बसलेल्या सिद्धेशला वाटलं, आईला काही हवंय. तो हात धरायला गेला, पण त्या खुर्च्यांच्या मधून नकाशाकडे निघाल्या होत्या. लोक सरकून वाट देत होते, हसत होते, कोणी पायाही पडलं.

नकाशासमोर उभं राहिल्यावर त्यांना काहीच ओळखू येईना. ज्या रस्त्यावर त्या पंचेचाळीस वर्षं चालल्या, तो तिथे दोन काळ्या रेघा होऊन आडवा पडला होता. त्यांनी सहाव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही गिरणी?"

"हो," जान्हवी जवळ आली.

"मग एकतीस पावलं म्हणजे यात किती? माझी नव्हे. पुरुषाची."

जान्हवीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पट्टी लावून तिने एक जागा दाखवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. रुक्मिणीबाईंनी तिथे टोक टेकवलं. ठिपका करायला गेल्या, पेन सरकून छोटी रेघ झाली.

"इथे आणखी एक आहे. ऑलिव्हबाईंच्या पायरीजवळ."

"ही कुठे जाते?"

"वर."

निलेशने माइक खाली धरला.

"काकू," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमचं वय झालंय. चार दिवस उन्हात फिरलात. घोटाळा होऊ शकतो. उद्या बघू आपण."

पळवाट होती, आणि त्याने ती प्रेमाने उघडून धरली होती.

"मला नीट आठवतं रे," त्या म्हणाल्या.

"पण हे रेकॉर्डला नाही, आजी," जान्हवी म्हणाली.

"बाकीची सहा तरी कुठे होती?"

कोणीतरी हसलं. जान्हवी हसली नाही. तिने वही उघडली. "कोणी टाकली ते लिहावं लागेल."

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे? नाव लागेल मला."

लग्नाच्या उखाण्यानंतर रुक्मिणीबाईंनी ते नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, पेन्शनच्या खिडकीशी, कागद पुढे करायच्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. सिद्धेश जागेवरून उभा राहिला होता.

"गुणाजी बाबाजी परब," त्या म्हणाल्या. "चावीवाले."

माधुरीचा आवाज आधी नुसताच फुटला, शब्द मागून आले. "म्हणजे एकोणतीस वर्षं आमच्या नळाला करंगळीएवढी धार, ती परबकाकांनी…"

"माझ्याही नळाला तेवढीच येते, माधुरी."

जान्हवीने किती घरं म्हणून विचारलं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, तेव्हा बेचाळीस होती, आता मोजलेली नाहीत. जान्हवीने कॅल्क्युलेटर काढला. नकाशाच्या कोपऱ्यात नव्या पाइपाचं माप लिहिलेलं होतं, त्यावर तिने काट मारली आणि वर नवा आकडा लिहिला. सहा इंची यात पुरणार नाही, ती म्हणाली, वर विचारावं लागेल. मंजूर होईल असं मी सांगत नाही. नोटीसही निघेल कदाचित. फक्त, नोंद नसलेलं कोणीही कापतं. नोंद असलेलं कापायला कारण लिहून द्यावं लागतं.

रुक्मिणीबाई जागेवर परत येऊन बसल्या. आता कोणी वाट देत नव्हतं. त्यांना खुर्च्यांना धरून यावं लागलं. सिद्धेशची खुर्ची रिकामी होती. निलेशने हातातला कागद एकदा वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि घसा साफ केला.

"नववी सूचना. पार्किंग."

सभा संपायच्या आतच त्या बाहेर पडल्या. सिद्धेशची स्कूटर दिसली नाही. घर पायऱ्यांच्या अलीकडेच, म्हणजे सगळी गल्ली चढून जायचं. पाच पांढऱ्या फुल्या ओलांडल्या, सहावी ओलांडली. पायांतली ती तीन दिवसांची वळवळ थांबली असेल असं वाटलं होतं, पण ती थांबली नव्हती. घराचं दार आलं तरी त्या थांबल्या नाहीत. ऑलिव्हबाईंच्या घरापुढून थेट पायऱ्यांपाशी आल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

मागून चपलांचा आवाज आला.

"आजी, थांबा." सपना होती. धापा टाकत होती आणि रागावलेली होती. "काल आलात तेव्हाच का नाही बोललात? माझ्या दारात बसून पाणी प्यायलात आणि आज सगळ्यांसमोर आमची वाट लावून मोकळ्या झालात. आता नोटिसा येतील. मीटर येतील. त्या इंजिनिअर बाईने काय म्हटलं ते ऐकलंत ना? नाही झालं मंजूर तर? काय करायचं आम्ही?"

रुक्मिणीबाईंनी मान हलवली. होयही नाही आणि नाहीही नाही.

"काही न बोलता राहिला असतात तर—"

"तर महिनाभराने बंद झालं असतं. कायमचं."

सपनाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवीतून मेथीची जुडी अर्धी बाहेर आली होती. वर वाडीत कोणीतरी तिच्या नावाने हाक मारत होतं. तिने 'आले' म्हणून ओरडून सांगितलं आणि दोन पायऱ्या चढली. मग वळली.

"तो माणूस कोण होता? ज्याचं नाव घेतलंत तो?"

रुक्मिणीबाईंनी तिच्याकडे वर पाहिलं. काठी कठड्याला टेकून ठेवली. गुडघ्यांवर हात देत त्या सावकाश दुसऱ्या पायरीवर बसल्या, पदर आवरला आणि थोड्या बाजूला सरकल्या.

सपनाने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. मग खाली उतरून, पिशवी मांडीवर घेऊन, त्यांच्या शेजारी बसली.